‘मनात काही नव्हतं हो’ म्हटलं की वर्णावरून मारलेली हाक माफ होते का?

टर्फवरचा_बारावा

मंडळी, आमच्या रविवारच्या क्रिकेट ग्रुपवर सध्या या विषयावरून नुसता धुरळा उडालाय, म्हणून म्हटलं इथे विचारावं.

पुण्यात बाणेरला आम्ही टर्फवर खेळतो, कॉलेजच्या पोरांपासून पन्नाशीच्या काकांपर्यंत सगळे. गेल्या वर्षी एकाने त्याच्या कॉलेजमधला युगांडाचा एक मुलगा आणला, बॉलिंग एकदम कडक, यॉर्कर असा घालतो की बॅट खाली यायच्या आत दांडी. पहिल्याच दिवशी आमच्या एका काकांनी त्याला ‘काळू’ म्हणून हाक मारली आणि तीच चिकटली. काळू लाँग ऑनला जा, काळू लास्ट ओव्हर तुझी. स्कोअरिंगच्या अ‍ॅपवर त्याचं प्रोफाइलसुद्धा ‘काळू भाई’ नावानेच बनवलंय, फोटोसकट. तो हसतो, हात वर करतो आणि रनअपला जातो.

आता टीममधला एक नवीन मुलगा म्हणाला की हे वर्णद्वेषी आहे, बंद करा. काका भडकले. म्हणे मी माझ्या सख्ख्या भाच्याला काळ्या म्हणतो, याला पण प्रेमानेच म्हणतो, मॅच झाली की माझ्याच पैशाने मिसळ खातो ना तो, मग द्वेष कुठून आला? आणि खरं सांगायचं तर काका मनाने वाईट नाहीत, त्या पोराला रूम मिळत नव्हती तेव्हा काकांनीच ओळखीत शब्द टाकला होता.

तर प्रश्न असा, की हेतू वाईट नसेल तर शब्दाचा एवढा बाऊ करायचा का? आणि ज्याला म्हणतायत तो स्वतः काही बोलत नसेल तर बाकीच्यांनी त्याची वकिली का करायची?

चहाटळ_चंदू

काय राव, हा काय प्रश्न झाला. आमच्या गावाकडं (सांगली जिल्हा) एक माणूस सरळ नावानं ओळखत नाहीत. चकण्या, बुटक्या, लंगड्या, काळ्या, टकल्या सगळे एका पारावर बसतात आणि एकमेकांच्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढतात. आता काय पारावर ट्रेनिंग ठेवायचं का? तो पोरगा हसतोय, खेळतोय, मिसळ हाणतोय, त्याला काही नाही आणि हे नवीन आलेलं पोरगं रीलवर काहीतरी बघून आलंय. मन बघा माणसाचं. काकांनी रूम बघून दिली ती कोणी बघत नाही, शब्द तेवढा बघतायत.

सिली_पॉइंट

चंदूभाऊ, या विषयावर क्रिकेटमध्ये एवढं दळण दळून झालंय की पारापर्यंत जायची गरजच नाही.

जानेवारी 2019, डर्बन, पाकिस्तान-साऊथ आफ्रिका दुसरी वनडे. पाकिस्तान 203 वर ऑलआऊट, आफ्रिकेचे फेलुक्वायो आणि व्हॅन डर डुसेन मॅच काढून न्यायला लागले आणि पाकिस्तानचा कीपर-कॅप्टन सरफराज वैतागला. स्टंपमागून फेलुक्वायोला उर्दूत ‘अबे काले’ म्हणून सुरू झाला, आईचा पण उल्लेख होता त्यात. स्टंप माइकने ते जगभर ऐकवलं. म्हणजे बघा, ज्याला म्हटलं त्याला उर्दू येत नाही, त्याला मैदानात काही कळलंसुद्धा नाही. सरफराजचं स्पष्टीकरण तेच आपल्या ओळखीचं, कोणा एकाला उद्देशून नव्हतं, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, वैतागात बोलून गेलो. नंतर जाऊन फेलुक्वायोला भेटला, माफी मागितली, साऊथ आफ्रिकेच्या टीमने माफ पण केलं. तरी आयसीसीने चार मॅच बाहेर बसवलं आणि वर शिकवणी लावली ती वेगळीच. कारण त्यांचा नियम तुमच्या मनात काय होतं हे विचारतच नाही. त्या खेळाडूच्या जागी असलेल्या कुठल्याही समंजस माणसाला याने अपमान वाटेल का, एवढंच बघतो.

आणि तुमच्या काकांची केस तर आयपीएलमध्ये जशीच्या तशी होऊन गेलीय. वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘काळू’ म्हणायचे. सॅमीला वाटायचं की याचा अर्थ तगडा घोडा वगैरे काहीतरी कौतुकाचा असणार. तो स्वतः पण वापरायचा तो शब्द, 2014 मध्ये लक्ष्मणला वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना स्वतःला ‘डार्क काळू’ म्हणून मोकळा झाला होता! मग जून 2020 मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचं प्रकरण पेटलेलं असताना, त्याला खरा अर्थ कळला आणि त्याने व्हिडिओ टाकून विचारलं की तुम्ही मला ही हाक मारायचात आणि सगळे हसायचात, तेव्हा नक्की कशाला हसत होता? लोकांनी लगेच ईशांत शर्माची 2014 ची एक जुनी पोस्ट शोधून काढली, त्यात फोटोखाली काळू लिहिलेलंच होतं.

काही दिवसांनी सॅमीने सांगितलं की त्यातल्या एकाशी बोलणं झालं, तो प्रेमाने म्हणत होता आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. विषय मिटला. म्हणजे हेतू बघितला गेला की, पण तो खरा मानायचा की नाही हे कोणी ठरवलं, सॅमीने. इथे काका स्वतःच आरोपी, स्वतःच साक्षीदार आणि निकाल पण तेच देऊन बसलेत.

आणि तो हसतो म्हणून त्याला चालतं हे तर सोडूनच द्या. सॅमी दोन सीझन हसत होता.

चहाटळ_चंदू

मग हरभजनचं काय ओ? तेव्हा अख्खा देश त्याच्या बाजूनं उभा होता, खुद्द सचिननं साक्ष दिली. तेव्हा नाही वाटलं कुणाला की शब्द बघा, हेतू बघू नका?

सिली_पॉइंट

चंदूभाऊ, ती केस वेगळी. 2008 च्या सिडनी टेस्टमध्ये भांडण हेतूवर नव्हतंच, तो शब्द उच्चारला की नाही यावर होतं. हरभजन कधीच म्हणाला नाही की मी ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला माकड म्हटलं पण प्रेमाने म्हटलं. त्याचं म्हणणं मी हिंदीत आईवरून शिवी दिली. मॅच रेफरी प्रॉक्टरने तीन टेस्टची बंदी घातली होती, अपिलात जस्टिस हॅन्सननी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून बंदी उठवली आणि शिवीगाळीसाठी अर्धी मॅच फी कापली. (आईवरून शिवी दिली हे ऐकून आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, हे पण एक भारीच.)

हेतूचा प्रश्न त्याच्या आधी, ऑक्टोबर 2007 मध्ये आपल्या वानखेडेवर होता. प्रेक्षक सायमंड्सकडे बघून माकडाचे हावभाव करत होते, फोटो आले, पोलिसांनी काही जणांना उचललं. त्यातल्या एकालाही विचारलं असतं तर म्हणाला असता काय साहेब, मजा करत होतो. आणि जानेवारी 2021 मध्ये सिडनीला सिराजला बाउंड्रीवरून ऐकवत होते, मॅच थांबली, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं, ऐकवणारे पण म्हणू शकतात की मजाच करत होतो. तेव्हा मात्र आपण सगळे पेटून उठलेलो. सिराजच्या वेळी कोणी विचारलं का की बघा बाबा, त्या पब्लिकच्या मनात नक्की काय होतं?

लीड्सची_मावशी

सिली पॉइंट, माझ्या गावचं राहिलं की! आम्ही पंधराएक वर्षं लीड्सला आहोत, हेडिंग्ले घरापासून बसने जाता येतं. इथल्या यॉर्कशायर काउंटी क्लबकडून खेळलेल्या, मूळच्या पाकिस्तानी अझीम रफीकचं प्रकरण इथे 2021 मध्ये फुटलं तेव्हा रोज तोच विषय. त्याला ड्रेसिंग रूममध्ये पी-वर्ड म्हणायचे (इकडे तो शब्द पूर्ण उच्चारत पण नाहीत, पाकिस्तानीचं छोटं रूप, भारतीय, बांगलादेशी सगळ्यांना सरसकट लावतात). तर क्लबने जी चौकशी केली त्यात हे मित्रामित्रांमधलं हसतखेळत चाललेलं चिडवणं असल्यासारखं मांडलं होतं, आणि ते बाहेर आल्यावर जो भडका उडाला की विचारू नका. खासदारांनी बोलावलं, स्पॉन्सर पळाले, अध्यक्ष गेले, पुढे 2023 मध्ये यॉर्कशायरला चार लाख पौंडाचा दंड आणि पॉइंट कापले. शब्द वापरणाऱ्या एका खेळाडूने कबूल केलं, पण म्हणाला आम्ही जिगरी दोस्त होतो, दोघेही एकमेकांना नको नको ते बोलायचो. आणि मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. मैत्री खरी असू शकते आणि त्याच मैत्रीत एकजण रोज गिळत बसलेला असू शकतो.

रफीक पण काही संत निघाला नाही बरं का, 2021 मध्येच त्याचे 2011 चे ज्यूंबद्दलचे घाणेरडे मेसेज बाहेर आले. त्याने सरळ माफी मागितली, हेतूबितू काढत बसला नाही.

अजून एक. आपला पुजारा तिथे काउंटी खेळायला आला तर चेतेश्वर म्हणता येत नाही म्हणून त्याचं केलं स्टीव्ह! शिवी नाही, काही नाही, कोणाचा वाईट हेतू पण नाही, फक्त कंटाळा. टर्फवरच्या बाराव्याला माझा प्रश्न, तुमच्या त्या मुलाचं खरं नाव काय आहे? धाग्यात कुठेच आलं नाही म्हणून विचारते. इथे लिहू नका, पण टीमला माहितीये का?

जाता जाता आपल्या लोकांची पण एक खोड सांगते. इथे कोणी पी-वर्ड वापरला की आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय, अहो पण आपण पाकिस्तानी नाहीच! म्हणजे शिवीला हरकत नाही, फक्त चुकीच्या पत्त्यावर आली.

कोर्टकचेरी

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी संभाजीनगरला प्रॅक्टिस करतो. सिली पॉइंट म्हणतात तसं क्रिकेटचा नियम परिणाम बघतो, पण आपला फौजदारी कायदा हेतूला चिकटून असतो आणि ते असायलाच हवं, कारण इथे चार मॅच नाही, जेल आहे.

वंशावरून शिवी देण्याबद्दल आपल्याकडे वेगळं कलम नाही. जवळचं उदाहरण अ‍ॅट्रॉसिटीचं. 1989 च्या कायद्यात 3(1)(r) म्हणतं की अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा, अपमानित करण्याच्या उद्देशाने, मुद्दाम, लोकांच्या नजरेसमोर पाणउतारा केला तर गुन्हा. लगेच खाली (s) आहे, लोकांच्या नजरेसमोर जातीवाचक शिवीगाळ. ते 2016 पासून लागू झालं आणि त्याच्या शब्दांत उद्देश हा शब्दच नाही. पण कोर्टं प्रसंग, संबंध, जातीमुळेच अपमान केला का, हे सगळं बघतात. स्वर्ण सिंग केसमध्ये (2008) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बिल्डिंगच्या गेटपाशी जातीवरून बोलणं हे लोकांच्या नजरेसमोरच धरायचं, आणि जातीचं नाव आज कोणी कशासाठी वापरतो ते बघा, मूळ अर्थ काढत बसू नका. हितेश वर्मा केसमध्ये (2020) घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालं म्हणून ते कलम लागलं नाही.

मला यातलं सगळ्यात व्यवहारी कलम वाटतं ते 8(c). आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या घरच्यांशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असंच कोर्ट धरून चालतं, माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. ‘मला काय कल्पना’ हा बचाव किती वेळा ऐकून कायदा करणाऱ्यांनी हे घातलं असेल विचार करा.

बाराव्यांच्या केसमध्ये हे लागू नाही, मुलगा परदेशी आहे. न्याय संहितेचं 352 (जुन्या आयपीसीचं 504) बघितलं तर तिथेही मुद्दाम अपमान आणि शांतता भंग करवण्याचा हेतू किंवा निदान तशी जाणीव लागते. म्हणजे काका जेलमध्ये जात नाहीत, निश्चिंत राहा. पण गुन्हा नाही म्हणजे वागणं बरोबर, हे गणित आमच्या अशिलांचं असतं. अ‍ॅपवर फोटोसकट नाव टाकलंय ते मात्र आज काढा, ते जगजाहीर आहे आणि तिथे काकांचं प्रेम दिसत नाही, नुसतं नाव दिसतं.

आयझॉलचा_जावई

बायको मिझो आहे, लग्नाला बरीच वर्षं झाली, पुण्यातच असतो. तिचं मराठी आता माझ्या आईच्या तोडीचं आहे, भांडताना तर जास्तच.

मंडईत एक भाजीवाल्या मावशी तिला पहिल्यांदा ‘ए नेपाळी’ म्हणाल्या. हिने उलट विचारलं, मेथी कशी दिली ओ मावशी? मावशी उडाल्याच, मग कुठली, काय, पोरंबाळं किती, आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट. आजही त्या ‘माझी नेपाळी आली’ म्हणतात आणि ही खुशाल जाते त्यांच्याकडेच. उलट आमच्या आधीच्या सोसायटीतले एक पदाधिकारी, कधी एक वाकडा शब्द नाही, कायम ‘मॅडम’, पण मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय असो की कचऱ्याचा, ‘तुमच्याकडच्या लोकांना सवय नसते ना’ हे ठरलेलं. त्यांना ती आजही माफ करत नाही. म्हणजे हेतू ती बघते, तुमच्यापेक्षा बारीक बघते. चंदूभाऊंचं तेवढं मला मान्य आहे.

पण तिचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते हे बघायचं काम कायम माझ्याकडेच का? रिक्षावाला चिंकी म्हणाला, आता हा सवयीने म्हणाला, की हिणवायला, की पुढे छेड काढणारे, हे दोन सेकंदात मी ठरवायचं, कारण चुकलं तर मलाच भोगायचंय. 2014 मध्ये दिल्लीत लाजपत नगरला निडो तानियाच्या केसांवरून दुकानात चेष्टा सुरू झाली, अरुणाचलचा कॉलेजचा पोरगा, त्याने चिडून काच फोडली आणि मारहाणीत त्याचा जीव गेला. सुरुवात चेष्टेनेच झाली होती. त्यानंतर बेझबरुआ समिती बसली, अशा शेरेबाजीसाठी वेगळं कलम आणा म्हणून शिफारस केली, कोर्टकचेरी म्हणतायत तसं ते कलम अजून नाही. मिझो, नागा म्हणजे एसटी, त्यांना अ‍ॅट्रॉसिटी तरी आहे. मणिपूरच्या मैतेईंना तेही नाही, आणि शिवी देणारा काही सर्टिफिकेट बघून शिवी देत नाही.

लॉकडाऊन लागायच्या सुमारास हिला दुकानाच्या लाइनमध्ये ‘कोरोना’ म्हणून हाक मारलेली पोरं दहावी-बारावीची असतील. हेतू काय असणार त्यांचा, टाइमपास. ती सामान न घेता घरी आली आणि नंतर बरेच दिवस मीच जात होतो.

टर्फवरचा_बारावा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लीड्सच्या मावशींचा प्रश्न वर्मी लागला. मी ग्रुपवर विचारलं की त्याचं नाव कोणाला माहितीये, तर त्याला घेऊन आलेला मुलगा सोडून मोजून तिघांना सांगता आलं. काकांना नाही.

मग रविवारी मॅचनंतर त्याच्याशीच बोललो, बाकीचे निघाल्यावर. मी घाबरत घाबरत शब्दाचा अर्थ सांगायला लागलो तर तो म्हणाला की माहितीये, पहिल्या दिवसापासून माहितीये. कम्पालात गुजराती दुकानं खूप आहेत, तिथे लहानपणापासून ऐकलाय, आपण समजतो तेवढा तो अनभिज्ञ अजिबात नव्हता. म्हटलं मग बोलला का नाहीस? तर म्हणाला मला बॉलिंग करायची होती, बोललो असतो तर पुढच्या रविवारी फोन आला असता का? मी म्हटलं आला असता. तो हसला फक्त, तेच हसू जे आम्ही वर्षभर बघतोय.

काकांबद्दल मात्र चांगलंच बोलला, रूमचं विसरलेला नाही. काकांनी म्हटलं तर फारसं लागत नाही म्हणे, पण त्यांचं ऐकून समोरच्या टीमची पोरं पण बाउंड्रीवरून तेच ओरडतात आणि मागे अजून काय काय जोडतात, ते लागतं.

हे मी काकांना सांगितलं. ते आधी म्हणाले समोरच्या टीमची जबाबदारी माझी का, मग ग्रुप सोडला, रात्री परत आले. सध्या ‘ए बॉलर’ म्हणतायत. अ‍ॅपवरचं प्रोफाइल ज्याच्या नंबरवरून बनवलं तो नोकरीसाठी बंगळुरूला गेलाय, त्याच्या मागे लागलोय.

सिली_पॉइंट

‘फोन आला असता का’ हे वाचून धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. परक्या शहरात, एकटा, टीममध्ये जागा तुमच्या मर्जीवर, तो कसा बोलणार? म्हणून बाकीच्यांनी वकिली करायची. तुमच्या त्या नवीन मुलाला माझ्याकडून एक मिसळ.

चहाटळ_चंदू

कम्पालाचं वाचून जरा गप्प झालो खरं. पण माझं अजून तेच म्हणणं आहे की काकांना वर्णद्वेषी म्हणणं चुकीचं. त्या नवीन पोरानं तो शब्द चारचौघांत फेकला म्हणून म्हातारा अडून बसला, बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. आणि पारावरच्या काळ्याचं म्हणाल तर तो मला टकल्या म्हणतो, हिशोब बरोबरीचा आहे आमचा. या पोराला काकांना काही म्हणता येतंय का, एवढंच बघा.

बाय द वे तो यॉर्करवाला मे महिन्यात मोकळा आहे का? आमच्या गावात यात्रेची टूर्नामेंट असते, टेनिस बॉल, राहायची सोय माझ्या घरी. फ्लेक्स लागतो, त्यामुळं नाव कसं लिहायचं ते त्यालाच विचारून मला मेसेज करा.